बाबांचा आठवडा

बालवाडीच्या पोरांना पडद्यावरून शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. शेळ्या निदान चार पायांवर उभ्या तरी असतात. माझी पोरं एक कॉटखाली, एक टेबलावर, आणि एक तर कॅमेऱ्याला चाटत बसलेलं. शाळा बंद होत्या आणि घरोघरी शाळा भरत होती, तेव्हाची ही गोष्ट. स्टुलावर पालथी बादली, बादलीवर लॅपटॉप अशी मांडणी करून मी रोज सकाळी माझ्या पुढच्या खोलीत ससा होत असे. आमच्याकडे प्रत्येक वर्गाला एक प्राणी असतो, आणि जो वर्गाचा प्राणी तेच त्या वर्गाच्या बाईंचं नाव. मी ससाताई. पालकांच्या फोनमध्येही माझा नंबर याच नावाने असतो. खरं नाव विचारायची कोणाला गरज पडत नाही, आणि पुढे ते माझ्या चांगलंच पथ्यावर पडलं.

खारवर्गाची बाई नोकरी सोडून गेली, तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तिची पोरं आम्हां उरलेल्यांत वाटून टाकली. नवी पोरं आली त्या सकाळी मी चौकटीचौकटीला हात हलवत होते, आणि एका चौकटीत मला माझंच स्वयंपाकघर दिसलं. तोच ओटा. खिडकीशेजारी तेच भिंतीतलं कपाट, ज्याचं दार अर्धंच उघडतं, कारण सुताराने बिजागरी उलटी बसवली होती आणि त्याच्याशी भांडायला मी एकटीच होते. समोर दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती, एक वेणी वर आणि एक खाली. तिच्या शेजारी एक तरुण बाई, डोळ्यांत झोप, तोंडावर हसू. मुलीने सांगितलं, माझं नाव चिंगी. आडनाव मला विचारावं लागलं नाही. ते काही वर्षं मीही लावलं होतं.

माझ्या नवऱ्याने मला कधी मारलं नाही, तो प्यायचा नाही, बाहेर कोणी नव्हती. मग का सोडलंस, असं लोक विचारतात. तर ऐका. माझी आई दुसऱ्या गावी भावाकडे अंथरुणाला खिळली होती. मला चार दिवस तिच्याजवळ जायचं होतं. स्वारी घरात इकडची काडी तिकडे करत नसे. त्याने बाळासारखा चेहरा केला आणि म्हणाला, मला साधा चहा करता येत नाही, गॅस कुठल्या बाजूने पेटतो तेही माहीत नाही, माझं कसं होणार? पहिल्यांदा मी विरघळले. दुसऱ्यांदा भांडले. तिसऱ्यांदा रडले, आणि दर वेळी राहिले. शेवटी ठरवलं की आठवड्याचं जेवण करून ठेवू आणि निघू. डबे भरून, झाकणांवर वारांच्या चिठ्ठ्या चिकटवत असताना भावाचा फोन आला. आई गेली होती. आदल्या संध्याकाळपर्यंत माझं नाव घेत होती, असं तो म्हणाला.

त्यानंतर मी काही महिने त्या घरात होते आणि मग नव्हते. जाताना माझे फोटोसुद्धा घेऊन गेले. अन्न शिळं होतं, फुलं शिळी होतात, पण माझा राग रोज सकाळी ताजा असतो.

आता त्याच घराची खिडकी रोज माझ्यासमोर उघडत होती आणि गृहपाठ द्यायचा अधिकार माझ्या हातात होता. मी सगळ्या पालकांना कळवलं की येता आठवडा बाबांचा. मुलाशेजारी बाबाच बसतील, सगळं बाबाच करतील, आईने कृपया दुसऱ्या खोलीत जावं. आयांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. बाबांना एकाएकी महत्त्वाची कामं निघाली. एकाने तर मोठ्या बाईंकडे तक्रार केली. त्यांनी मला फोन करून विचारलं की हे अभ्यासक्रमात कुठे बसतं. मी म्हटलं, स्वावलंबन, पहिलंच पान. त्या हसल्या. त्यांच्या यजमानांनी त्या सकाळपासून तीनदा चमचे कुठे असतात ते विचारलं होतं, त्यामुळे परवानगी लगेच मिळाली.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. त्याने माझ्यासमोर बसावं आणि सगळ्या घरांदेखत त्याची फजिती व्हावी. आपल्या बापाला सफरचंदसुद्धा सोलता येत नाही, हे त्याच्या मुलीने बघावं. तेवढं झालं असतं तर मी बरी झोपले असते.

सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. आधी त्याने कॅमेरा कुठे आहे ते शोधलं, मग पडदा पाहिला, आणि मग मला. चेहऱ्याचा रंगच उडाला. त्याचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला तोच चिंगी म्हणाली, “बाबा, ही आमची ससाताई. हिला कान करून दाखव.”

आमच्या वर्गात नमस्कार असा असतो, दोन्ही हात डोक्यावर धरून सशाचे कान करायचे. त्याने केले. मी म्हटलं, “चिंगीचे बाबा, कान जरा वर.” त्याने वर केले. त्याच्या मागे दारात त्याची बायको तोंडावर हात ठेवून हसत होती. तिच्या हसण्यात काहीही काळंबेरं नव्हतं. मी कोण हे तिला ठाऊक नाही आणि तो तिला सांगणारही नाही, हे मला तिथल्या तिथे कळलं. चोराच्या मनात चांदणं असतं, तो कशाला दिवा लावायला जातोय?

त्या दिवशी बेडूकउड्या होत्या. सगळ्या बाबांनी मारल्या. मी म्हटलं, छान, पण चिंगीच्या बाबांचा बेडूक जरा सुस्त आहे, पुन्हा. त्याचा उजवा गुडघा वाजतो, ते मला माहीत होतं. त्याने पुन्हा मारल्या. मंगळवारी तो माकड झाला, मग किटली झाला, मग मी त्याला बराच वेळ झाड करून ठेवलं. मला मजा वाटली. वाटली म्हणजे वाटली, उगाच साधूपणा कशाला आणू?

बुधवार स्वयंपाकघराचा. बाबांनी सफरचंद सोलून कापायचं, मुलाने फोडी मोजायच्या, मग मुलाला लांब बसवून बाबांनी आईसाठी चहा करायचा. खरा डाव हाच होता. पोरांचे बाप तर काय सांगू. एकाने सालीबरोबर अर्धं सफरचंद उडवलं. एकाने आतल्या खोलीकडे बघून, अगं सुरी कुठे असते, अशी हाक मारली तेव्हा सगळ्या चौकटी हसल्या. एका बाबांनी चहा आधी गाळला आणि मग उकळला. मी चिंगीच्या चौकटीवर नजर लावून बसले होते.

त्याने सुरी घेतली. चिंगी हनुवटीला हात लावून बघत होती, म्हणून असेल, किंवा हात डोक्याचं ऐकत नाहीत म्हणून असेल, पण साल एका लांबलचक पट्टीत खाली उतरली. पातळ, कुठे न तुटता. तो सुरीकडे पाहतसुद्धा नव्हता. सुरीच्या टोकाने बी काढली, फोडी सारख्या केल्या. मग गॅसकडे वळला. त्या शेगडीचा डावा बर्नर नुसता पेटत नाही, बटण आत दाबून धरावं लागतं. त्याने न बघता दाबून धरलं. कपानेच पाणी मोजलं, उतू जायच्या आत आच कमी केली, गाळला, आणि बशीत एक थेंब सांडला नाही. पहिल्यांदा चहा करणाऱ्या माणसाचे हात असे नसतात.

त्याची बायको कौतुकाने पुढे आली. म्हणाली, “ताई, हे शिकत असताना हॉस्टेलवर होते ना इतकी वर्षं. खोलीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक हेच करायचे. लग्नानंतर सवय गेली म्हणे. तुमच्यामुळे परत हाताला आलं.”

तो गाळणं हातात धरून उभा होता आणि कॅमेऱ्याकडे बघत नव्हता.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांसाठी वाजवल्या होत्या, म्हणून त्याच्यासाठीही. मग मुलांना एक गाणं लावून दिलं, माझा आवाज आणि कॅमेरा बंद केला आणि आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, आणि मी मूर्ख, इतकी वर्षं सोंगाला अंगाई म्हणत होते. त्याला येत नाही म्हणून मी त्याचा राग करत होते. ज्याला येत नाही त्याला कधीतरी माफ करता येतं, मीही केलं असतं कदाचित. याला येत होतं. चार दिवस आपला आपण चहा करायचा कंटाळा, एवढ्यासाठी माझी आई माझं नाव घेत गेली.

गुरुवारी मी वेण्या घालायला सांगितल्या. शुक्रवारी मुलांचे कपडे धुऊन, वाळवून, घड्या घालायला. त्याने सगळं नीट केलं. मान वर केली नाही. आयांचे निरोप आले की ताई, आठवडा वाढवा, आमच्याकडे फार फरक पडलाय. मी वाढवला. बाबांचा आठवडा पंधरा दिवसांचा असतो असं मी ठरवलं, आणि मोठ्या बाईंनी काही विचारलं नाही.

दुसऱ्या शनिवारी दुपारी तिचा फोन आला. चिंगीच्या आईचा. आवाज जड होता. आधी तिने आभार मानले, मग मुद्द्यावर आली. तिची आई घसरून पडली होती, मांडीचं हाड मोडलं होतं, घरी बघायला वयस्क वडील तेवढे. तिला निघायचं होतं.

“पण हे म्हणतात, चिंगीची शाळा आहे, घर आहे, मला एकट्याला काय जमणार. आठ दिवस थांब, मग बघू म्हणतात. तुम्ही त्यांना रोज बघताय ताई, म्हणून विचारते. जमेल ना त्यांना? जाऊ ना मी?”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभही जळला नव्हता. मी खुर्चीत बसले. तिला नुसतं हो म्हणून फोन ठेवता आला असता, आणि त्याचं ते जुनंच वाक्य ऐकलं नसतं तर मी तेवढंच केलं असतं. पण ती गेली असती आणि तिसऱ्या दिवशी त्याने फोन करून बाळासारखा चेहरा केला असता, आणि ती परत आली असती.

“मी त्याची पहिली बायको,” मी म्हटलं.

पलीकडे चिंगी कोणाला तरी फोडी मोजून दाखवत होती, ते ऐकू आलं.

“मला सांगितलं होतं,” ती हळू म्हणाली, “की पहिलीचं मन संसारात नव्हतं. सारखी आईकडे पळायची.”

माझी आई गेली ती गेली, वर त्याने तिच्यावरच खापर फोडून दुसरा संसार मांडला होता. मी तिला सांगितलं की मी एकदाही गेले नाही. आईजवळ निघायचं म्हणून त्याचे डबे भरत होते, तेव्हा आई गेली. चहा करता येत नाही असं तो मला म्हणाला होता, आणि गेल्या आठवड्यात त्याने केलेला चहा तू प्यायलीस. सांगता सांगता मी तिला अगं-तुगं करायला लागले होते, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

ती रडली नाही. नाक ओढल्यासारखा आवाज आला, तेवढाच. मग एकदम कामाचं बोलली.

“किती दिवस राहू, ताई?”

“आई चालायला लागेपर्यंत. चिंगीची काळजी करू नकोस, मी रोज सकाळी बघेन. त्याला सगळं येतं.”

तिने सांगितलं की उद्या पहाटेची गाडी आहे, आजच बॅग भरते, आणि आज रात्रीच त्याला तोंडावर विचारते की हे सगळं काय आहे.

“रात्री नको विचारू,” मी म्हटलं. “चप्पल घालून, बॅग हातात घेऊन, दारात उभी राहून विचार. रात्री विचारलंस तर पहाटेपर्यंत त्याला ताप येईल.”