चालवणार कोण

विक्रमसिंहाचा फोन आला तेव्हा माझ्या दोन हातांत दोन कॅमशाफ्ट होते. देवासला गणोजीच्या वर्कशॉपमध्ये आमच्या जुन्या एस्टीमचं इंजिन उघडलेलं होतं. त्याचा वरचा भाग, हेड, टेबलावर होता आणि दोनपैकी कोणता कॅमशाफ्ट बसवायचा यावर आमची दोघांची कधीपासून चर्चा चालली होती. माझे हात ऑइलचे, म्हणून फोन गणोजीनं माझ्या कानाला लावला.

"दाजी, तुम्ही लगेच धारला या," विक्रमसिंह म्हणाला. हा माझा मेहुणा. पुढे त्याला बोलता येईना. मागून त्याच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं. त्याची बहीण, माझी बायको विद्युल्लता, जेवून जरा आडवी झाली होती, चहाला उठवायला गेले तर उठली नाही, हे त्यानं नंतर सांगितलं. पण कळायचं ते मला तेव्हाच कळलं.

आमची गाडी उघडलेली, म्हणून ती बसनं माहेरी गेली होती. मी गणोजीच्या पिकअपमधून गेलो. वाटेत घाटाबिल्लोद मागे पडलं. मग तो म्हणाला, "वैनी सकाळीच तर बोलल्या माझ्याशी."

बोलली होती. माझ्याशीही बोलली होती, याच कॅमशाफ्टच्या विषयावर.

गाडी तिची. लग्नाआधी वडिलांनी तिला मांडवच्या घाटात जीप शिकवली होती. मी कारखान्यात मेंटेनन्सला होतो, त्यामुळे इंजिन माझ्याकडे आणि चालवणं तिच्याकडे, असं आमच्यात पहिल्यापासून होतं. माझा पाय भित्रा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजारांवर गेला की मी गिअर बदलतो. ती बदलायचीच नाही. मी शेजारी बसून "बदल आता" म्हणायचो, ती म्हणायची, "अहो, दम आहे तिच्यात अजून."

बँकेतून निवृत्त झाल्यावर तिनं दागिना मागितला नाही. म्हणाली, इंजिनाचं काम करून घेऊ, आता फिरायचं आहे. माझी मोठी बहीण अक्का हसली. "अगं, या वयात लोक गुडघे बदलतात, तू इंजिन बदलतेस?"

"गुडघे पुढच्या वर्षी, अक्का," विद्युल्लता म्हणाली.

इंजिनाचे वॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, ते कॅमशाफ्ट ठरवतो. गणोजीकडे दोन होते. लहान होता तो शहरात चालवायचा. कमी फेऱ्यांपासून ओढतो, सिग्नलवर शांत उभा राहतो. मोठा चार हजारांच्या खाली कुरकुरत चालतो, पण त्याच्या वर गेला की गाडी वेगळीच होते. हेडचं कामही त्यावरच अवलंबून. लहानासाठी हवेचे मार्ग नुसते साफ करायचे, मोठ्यासाठी घासून रुंद करायचे आणि वॉल्व्हना कडक स्प्रिंगा घालायच्या. एकदा घासलं की घासलं. मला लहान हवा होता, तिला मोठा. गणोजी वैतागून म्हणाला होता, "शरदभिया, तुम्हा मियां-बीवीच्या झगड्यात मला नका ओढू. एवढंच सांगा, चालवणार कोण?"

त्या सकाळी तिनं धारहून मला फोन केला. म्हणाली, मोठाच बसवायला सांगा. मी म्हणालो, संध्याकाळी ये, स्वतः बघ, मग ठरवू. ती म्हणाली, बरं. मला हो म्हणता आलं असतं. मोठा बसवला असता तर माझं काहीच बिघडत नव्हतं.

तेरावं झाल्यावर आमची मुलगी ऋजुता म्हणाली, गाडी होती तशी बसवून घ्या आणि विकून टाका. मलाही ते पटलं. तसं सांगायलाच मी गणोजीकडे गेलो. त्यानं हेडवर स्वच्छ फडकं घालून ठेवलं होतं. मी बसलो. त्यानं चहा मागवला, घरचं विचारलं, आणि मग सवयीनं तेच विचारलं.

"तर मग भिया, चालवणार कोण?"

"ती," मी म्हणालो.

तोंडातून गेलं. गणोजीनं माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला असता तर मी चूक सुधारली असती. तो उठला, लहान कॅमशाफ्ट कागदात गुंडाळून कपाटात ठेवला आणि ग्राइंडर सुरू केला. थांब म्हणायला मलाही वेळ होता. मी स्टुलावर बसून राहिलो. ॲल्युमिनियमचा बारीक भुसा खाली पडत होता आणि हेड आता पुन्हा पहिल्यासारखं होणार नव्हतं.

गाडी घरी आली. उभी असली की थरथरते. मला हळू चालवायची सवय, त्यामुळे गचके खाते, चौकात बंद पडते. रसवाला मोनू ओरडतो, "काकाजी, गाडी को मलेरिया हो गया क्या?" मी हात करतो आणि पुन्हा स्टार्टर मारतो.

ऋजुता सुट्टीला आली तेव्हा बाजारापर्यंत शेजारी बसली. दोनदा बंद पडल्यावर म्हणाली, "बाबा, ये तो आईच्या पायाची गाडी आहे. तुम्हाला नाही जमणार." तिला तसं बोलल्याचं वाईट वाटलं. मी सांगितलं, इंजिन नवीन आहे, पहिले हजार किलोमीटर जपूनच चालवायचं असतं.

ते खरं होतं. पण हजार झाले, ऑइलही बदललं.

रविवारी सकाळी रस्ता मोकळा असतो. मी बायपासला जातो. तिसऱ्या गिअरमध्ये काटा तीन हजारांवर येतो, मग साडेतीन. गाडी खोकत असते. चारच्या जवळ आवाज बदलायला लागतो, खोकणं थांबतं, स्टिअरिंगचं थरथरणं थांबतं, आणि माझा पाय आपोआप वर येतो. मग मी पुढच्या वळणावरून परत फिरतो.

गणोजी भेटला की विचारतो, वर ओढली का, कशी पळते. मी सांगतो, छान पळते. त्याच्या कामात काही कमी नाही. गाडी चार हजारांच्या वर मी अजून नेलेली नाही.