मागचं डावं दार

दाणा तांदळाचाच होता. कुंकवानं लाल झालेला, अंगाला हळदीचा वाळलेला लेप, एका टोकाला तुटलेला — फ्लॉईडनं चिमट्यानं काढून तो पांढऱ्या कागदावर ठेवला, तेव्हा हरिश्चंद्रला आधी वाटलं, गाडीचाच एखादा बारीक भाग असेल. कारण गेले तीन महिने या दाराबद्दल त्याला इतकं काही ऐकवलं गेलं होतं — सॉफ्टवेअर, सेन्सर, वसईची दमट हवा, एकदा तर चावीतला सेल — की त्यात तांदळाला जागाच उरली नव्हती.

"अक्षत आहे, अंकल," फ्लॉईड म्हणाला. कामणच्या या सर्व्हिस सेंटरमधला हा चौथा मेकॅनिक, आणि दार पूर्ण खोलून बघणारा पहिलाच. "हँडल आत सरकतं ना, त्या खाचेत जाऊन बसली. ओली गेली, मग सुकून दगड झाली. कधी अडकणार, कधी नाय. म्हणून आधी कोणाला सापडली नाय."

हरिश्चंद्र कागदाकडे बघत राहिला. बाहेर भिवंडीकडे जाणारे ट्रक धूळ उडवत होते. भांडायचं म्हणून तो सकाळी सांडोरहून निघाला होता, वाटेत वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती — तुमच्या दारानं माझी आई गेली, लिहून द्या तसं — आणि आता ती सगळी वाक्यं तोंडात नुसती पडून होती, आणि समोर हा एवढासा दाणा.

दसऱ्याला नवी गाडी आली होती. वाडीतल्या झेंडूचा हार, नारळ, बायकोच्या, सुभद्राच्या हातात ताम्हण. शेजारचा आलोशियस कुंपणाशी येऊन उभा, म्हणून हरिश्चंद्रला आणखीच चेव आलेला. दारांना हँडलच नाही, असं आलोशियस म्हणाला, आणि यानं मोठ्या तोऱ्यात बटण दाबलं — चारी हँडलं हळूच बाहेर आली. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. सुभद्रानं पुढं बोनेटवर स्वस्तिक काढलं होतं, ती म्हणाली, पुरे की एवढं. पुरे कसं? "दारांनाही लाव, चारी दारांना. आईच्या बाजूला आधी." तिनं लावलं. हळद-कुंकू, वर अक्षता, ओल्या. आणि यानं लगेच बटण दाबलं… "अहो, सुकू तरी द्या," ती म्हणाली होती. हँडल कुंकवासकट आत गेलं आणि सगळे हसले. आईही हसली. आईचं ते हसणं नंतर पुष्कळदा आठवलं होतं त्याला. सुभद्राचं वाक्य मात्र आज आठवलं.

पंधरा दिवसांनी आईच्या छातीत दुखायला लागलं. अंघोळ करून आली आणि ओटीवर बसली ती उठेचना. वसईत हॉस्पिटलच्या पायरीला डावी बाजू लागेल अशी त्यानं गाडी घातली, स्ट्रेचर तयार होतं, धावत जाऊन बटण दाबलं — पुढचं हँडल आलं, आईच्या दाराचं नाही. पुन्हा दाबलं. मूठ आपटली. काचेतून दिसत होतं: आईचं डोकं दाराला टेकलेलं, आणि सुभद्रा तिच्या अंगावरून वाकून आतलं हँडल ओढतेय, दोन्ही हातांनी, ओठ दाताखाली धरून. दार उघडलं नाही. शेवटी उजवीकडनं ओढत काढलं आईला, सीटवरून, धान्याचं पोतं काढावं तसं. चार मिनिटं. पाच असतील. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर…

तिथंच, पॅसेजमध्ये, बहिणीसमोर, चार परक्या माणसांसमोर तो सुभद्राला म्हणाला होता, "तुला आतून एक दार उघडता येऊ नये?"

ती अजूनही त्यावर बोललेली नाही. फक्त तेव्हापासून ती गाडीच्या दाराला हात लावत नाही. पदर आवरून उभी राहते, तो उघडेपर्यंत.

मग तक्रारी. ईमेल, फोन, ग्राहक मंचाचा अर्ज. दहाव्याला पिंडापाशीसुद्धा तो कानाला फोन लावून कुणाला तरी तक्रार क्रमांक सांगत होता. नातेवाईक कौतुक करत. हरिश्चंद्र सोडणार नाही त्यांना, आईसाठी करतोय.

"आणि अंकल, ह्या दाराचं चाइल्ड लॉक चालू आहे." फ्लॉईडनं दाराच्या कडेची बारीकशी कळ दाखवली. "लहान आहे का कोण घरी? हे चालू असलं की आतून कितीही खेचा, उघडणार नाय. राहू दे की काढू?"

नातू आहे, पियुष, सहा वर्षांचा. चालत्या गाडीचं दार उघडेल म्हणून दसऱ्याच्या संध्याकाळीच ती कळ वर केली होती. कुणी? मी. मी केली होती, कुणाला न सांगता. आणि हे मला आज कळलेलं नाही. त्या पॅसेजमध्येच आठवलं होतं, सुभद्राला ते बोलून झाल्यावर अर्ध्या मिनिटात… अर्ध्या मिनिटात माणूस मागं फिरू शकतो, सगळ्यांसमोर म्हणू शकतो, तुझं काही नाही गं, माझंच. पण सगळे तिच्याकडे बघत होते, आणि मला बरं वाटलं होतं. इतकं हलकट बरं वाटणं मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. नंतर कंपनी सापडली. कंपनीवर कितीही ओरडा, ती पदर आवरून उभी राहत नाही. सगळ्या तक्रारींत बाहेरच्या हँडलबद्दल पानंच्या पानं होती. दार आतून का उघडलं नाही, याबद्दल एक ओळ नव्हती.

फोन वाजला. सुभद्रा.

"काय निघालं?"

"बघतायत अजून," तो म्हणाला.

"त्यांचीच चूक ना?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बारीक केल्याचं ऐकू आलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "त्यांना एक विचाराल का? आतून कुणीही ओढलं असतं तरी… उघडलंच नसतं ना ते?"

म्हणजे तीन महिने ती हेच घेऊन बसली होती. भाजी चिरताना, आईच्या फोटोला हार घालताना, गाडीपाशी उभी राहताना. आणि मी रोज माझ्या हातानं ते दार उघडून तिला आत बसवत होतो.

कळीवर बोट ठेवून फ्लॉईड थांबला होता. "काढू ना, अंकल?"

हरिश्चंद्रनं दाण्याभोवती कागद दुमडला, पुन्हा उलगडला. गेले तीन महिने तोंडात तयार असायचा तो चढा आवाज त्यानं शोधून पाहिला. तो आता कुणावर लावावा, कळेना.

"अहो, ऐकू येतंय ना?" सुभद्रा विचारत होती.

येत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच नीट ऐकू येत होतं, आणि ते ऐकवत नव्हतं.