बायाक्काचं केळ

माझी नात आरोही हिचा बाप्तिस्मा झाला ते दोन हजार बावीस साल. जेवणं आटोपून पाहुणे गेले आणि माझा मुलगा रविराज माझ्याजवळ येऊन बसला. तो बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. त्याच्या बायकोलाही नोकरी लागली होती.

"आई, निपाणीचं घर बंद कर नि चल आमच्याकडं. पोरीला कोण बघायचं?"

"आणि आक्का?"

"मावशीला सदलग्याला तिच्या पुतण्याकडं सोडूया. आमच्या दोनच खोल्या, आई."

बायाक्का माझी थोरली बहीण. तिला सदलग्याला दिली होती. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे निपाणीला आली, ती राहिलीच. हे बोलणं चाललं तेव्हा ती मोरीत भांडी घासत होती.

"जा की गं," ती तिथूनच ओरडली. "नातीची लंगोटी धू जा. मी काय ल्हान हाय व्हय?"

मी रविराजला म्हटलं, देवाला विचारून सांगते.

म्हटलं खरं, पण देवाला विचारायचं कसं ते मला ठाऊक नव्हतं. चाळिशी उलटल्यावर मी अक्षरं गिरवली ती बायबल वाचता यावं म्हणून. रोज सकाळी एक अध्याय वाचते. तरी देव माझ्याशी बोलला असं कधी वाटलं नाही. आक्काचं वेगळं होतं. भाकरी थापता थापता ती थांबायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "त्या शेजारणीकडं जाऊन ये जा, तिचं कायतरी बिनसलंय." जाऊन बघावं तर खरंच काहीतरी झालेलं असायचं. कधीकधी काहीच झालेलं नसायचं, तेव्हा शेजारीण चहा पाजायची.

"तुला आवाज येतो का गं?" मी तिला विचारलं.

"आवाज कुठला? तू प्रार्थना करतीस म्हंजे देवाला कामं सांगतीस. ह्ये दे, त्ये कर, आमेन. त्यो बिचारा तोंड उघडंपतोर तू चहा ठेवाय गेलेली असतीस."

"मग तूच इचार माझ्यासाठी. जाऊ का ऱ्हाऊ?"

"मी काय पोस्टमन हाय?" ती हसली. मग म्हणाली, "बरं. इचारतो."

थोड्याच दिवसांनी आक्का अंगणात पडली. उजवं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिच्या तोंडात एकच शब्द उरला होता. "केळ."

मी केळी आणली. कुस्करून भरवायला गेले तर तिने डाव्या हाताने चमचा सारला आणि पुन्हा म्हणाली, "केळ." मला वाटलं, जवारी, म्हणजे गावठी केळी हवी असतील. बाजारातून जवारी आणली, तीही नकोत. डोळ्यांत पाणी आणून ती माझ्याकडे बघायची. भेटायला येणाऱ्या बायकाही केळीच घेऊन यायच्या. घरात चिलटं झाली.

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब आले. ते मूळचे धारवाडकडचे. त्यांनी आक्कासाठी प्रार्थना केली. आमेन झाल्याबरोबर ती म्हणाली, "केळ." मी एक सोलायला घेतलं.

"थांबा आजी," पाळकसाहेब म्हणाले. "त्या कानडी बोलत नसतील कशावरून? केळ म्हणजे ऐक."

मी सोलायची थांबले. कानडी मलाही येतं, बाजारात, कचेरीत मी बोलते. पण आम्हा बहिणींत कधी कानडी आलं नव्हतं, म्हणून ध्यानात आलं नाही. सदलग्याला मात्र तिची सगळी प्रार्थना कानडीतच व्हायची.

"ऐक म्हंजे काय ऐकू? जा म्हणते का ऱ्हा?"

पाळकसाहेबांनी डोकं खाजवलं. "केळ म्हणजे विचार, असंही होतं. तुम्हीच देवाला विचारा म्हणत असतील."

"मग ऐकू का इचारू, साहेब?"

"आता काय सांगू आजी, दोन्हीला एकच शब्द आहे."

ते गेल्यावर मी आक्काच्या उशाशी बसले. काही मागितलं नाही, नुसती ऐकत राहिले. शेजारी कुकरची शिट्टी झाली. नळाला पाणी आलं म्हणून कुणीतरी हाका मारत होतं. आक्काचा श्वास घरघरत होता. यातलं देवाचं कुठलं आणि गल्लीतलं कुठलं, मला काही निवडता आलं नाही.

"आक्का, ऐकतोय मी. सांग."

तिने माझ्याकडे पाहिलं. "केळ," म्हणाली. आणि डावा हात पुढे करून माझ्या हातातलं अर्धवट सोललेलं केळ घेतलं आणि चवीनं खाल्लं.

मला हसावं का रडावं ते कळेना.

दुसऱ्या दिवशी रविराजचा फोन आला. "आई, देवानं काय सांगितलं?"

"काय न्हाय रं. आक्का एक शब्द बोलतीया, त्योच मला उमजंना झालाय. उमजंपतोर मी हितनं हलत न्हाय."

"कसला शब्द?"

"केळ."

"केळ?" तो चिडून म्हणाला, "आणि माझ्या पोरीचं काय?"

"तिला हितं आणून सोड."

त्याने फोन ठेवला. आरोहीला त्यांनी पाळणाघरात ठेवलं. पुढे बरेच दिवस तो माझ्याशी तुटक बोलायचा. मी देवाचं ऐकलं का नुसता हट्ट केला, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. आक्काला मी रोज विचारायची, आणि तिचं उत्तर तेच असायचं.

बायाक्का दोन हजार तेवीस साली, जानेवारीच्या पहिल्या रविवारी दुपारी, निपाणीच्या घरी वारली.