शेजाऱ्याला चुना, मला रिकामी बाटली

मित्रांनो, मी स्वीडनमधल्या पाईनच्या जंगलातला एक जुना तलाव आहे आणि माझा स्वभाव चांगला नाही. शेजारच्या लाँगशॉन तलावाचं भलं झालेलं मला बघवत नाही.

एके काळी एलोफ नावाचा सुतार दर वसंतात फांद्यांच्या मोळ्या माझ्या काठाशी बुडवायचा. पर्च मासे त्यांवर अंड्यांच्या लांब फिती गुंडाळायचे. मग दूरदूरच्या कारखान्यांचा धूर पावसातून उतरला आणि माझं पाणी आम्लाने आंबलं. अंडी फुटेनात. थोडे म्हातारे मासे तेवढे उरले. पाण्यातले बारीक जीवही मेल्याने मी मात्र इतका नितळ झालो, की सहलीला आलेले लोक तोंडभरून स्तुती करायचे. मीही फुगायचो. एलोफ मात्र रिकामी मोळी वर काढून बघायचा.

पुढे आम्ल मारायला आंबलेल्या तलावांत चुना टाकायचं ठरलं. हेलिकॉप्टर आलं आणि सगळा चुना लाँगशॉनवर ओतून गेलं. दरवर्षी त्याच्यावरच! माझ्याकडे यायची एलोफची मुलगी तीरा. तपासायला बाटलीभर पाणी न्यायची, द्यायची काहीच नाही. ऑगस्टमध्ये लाँगशॉनच्या काठी कागदी कंदील लागत, लोक त्याच्यातले नांगीवाले झिंगे उकडून खात आणि त्यांची गाणी माझ्यापर्यंत येत. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा एलोफ खांद्यावर चुन्याचं पोतं घेऊन आला. तीरा मागोमाग धावली.

"बाबा, ठेव ते खाली."

"त्याचे एवढे लाड, आणि ह्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

"एकाला तसंच ठेवावं लागतं. नाहीतर गुण चुन्याचा की पाऊस सुधारल्याचा, हे कळणार कसं? धूर कमी करा म्हणून आपणच भांडतोय ना?"

"आणि तोवर हा मेला तर?"

तीराने वाकून बाटली पाण्यात बुडवली. एलोफने पोतं काठाशी टेकवलं. टाक रे बाबा, असं मी मनातल्या मनात विनवत होतो. शेवटी त्याने पोतं उचललं आणि परत नेलं. त्या दिवशी मला लाँगशॉनपेक्षा तीराचाच जास्त राग आला.

वर्षं गेली. धुरांड्यांना गाळण्या बसल्या, पावसाचं पाणी हळूहळू निवळलं. एलोफ काठी टेकत यायचा आणि सवयीने मोळी बुडवायचा. एका वसंतात त्याने ती वर काढली, तर फांद्यांवर पांढरट फीत होती आणि अंड्यांत काळे डोळे हलत होते. त्याने तीराला बोलावलं. ती वाकून बघत राहिली आणि तिथेच रडायला लागली.

"ह्याला कोणी काही दिलं नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "पाऊस सुधारल्याचाच हा गुण, हे आता कोणालाही सांगता येईल."

माझ्यामुळे आता लाँगशॉनचा चुनाही कमी झालाय. ते ऐकून मला भारी आनंद झाला, खोटं कशाला बोलू? झिंगे मात्र माझ्याकडे अजून फिरकलेले नाहीत, आणि ऑगस्टमधली गाणी ऐकली की पोटात दुखतंच.

तेव्हा मित्रांनो, आभाळात काही सोडण्याआधी खाली कोण आहे ते बघा. मला आता चुना नको. पाऊस तेवढा निव्वळ पाण्याचा येऊ द्या.