भिंतीकडची बाजू

गादीवाल्याने फरशीवर खडूने लांबट चौकोन आखला, हात झटकले आणि म्हणाला, "झोपा काकू."

सुताराची बायको चपला काढून त्या चौकोनात आडवी झाली. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, एक तर चक्क हसला. हसू दे मेल्याला. लाजायला सवड कुणाला होती? ती रोजच्यासारखी कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले आणि शेजारी उरलेली जागा हाताने चाचपून पाहिली.

"एवढ्यात हे मावतील का हो?"

"अंगानं कसे आहेत?"

"होते चांगले धिप्पाड. आता निम्मे झालेत."

"मग मावतील. पण खरं सांगू का काकू, दोघांना पाच फूट तरी हवी. चार फूट म्हणजे दीड माणसाची गादी."

"दीडच उरलोय आम्ही," ती उठून बसत म्हणाली.

गादीवाल्याच्या ओठांवर आलेलं हसू तिचा चेहरा पाहून तिथेच विरलं.

महिन्यापूर्वी सुताराच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात, डावा पाय, दोन्ही निकामी. बोलणं तेवढं शाबूत होतं, थोडं जड. परवा त्याला घरी सोडणार होते आणि घरात त्याला निजवायचं कशावर, यावरून मायलेकांत चांगली जुंपली होती.

मुलाचं गणित सरळ होतं. झोपायची खोली एवढीशी. भिंतीला लागून सहा फूट रुंदीचा पलंग. लग्नाच्या वर्षी सुतारानेच खोलीत बसून जोडलेला, दारातून अख्खा बाहेर न निघणारा. समोर भिंतीतलं कपाट आणि मध्ये माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट. तिथून चाकांची खुर्ची जाणार कशी? तेव्हा पलंग मोडायचा आणि हॉस्पिटलात असते तशी एकट्याची खाट भाड्याने आणून मधोमध लावायची. खाटवाल्याला त्याने सांगूनही ठेवलं होतं.

"आणि मी?" तिने विचारलं होतं.

"तू बाहेर सोफ्यावर झोप ना आई. रात्री मी उठेन बाबांसाठी. तुलाही जरा आराम."

आराम! त्या एका शब्दाने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगा वाईट नव्हता, जीव लावणारा होता, म्हणून तर जास्त भीती वाटत होती. तिच्या सासूलाही असंच कुणीतरी मायेनं म्हणालं होतं की चार दिवस बाहेर झोपा, आराम पडेल. ते चार दिवस कधी संपलेच नाहीत. सासरे गेले तेव्हा सासू भिंतीपलीकडेच होती, पण तिला कळलं ते सकाळी चहाचा कप घेऊन आत गेल्यावर. एकदा खोलीतून बाहेर पडलेली बाई परत आत येत नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग तिने स्वतःच टेप घेऊन खोली मोजली. खुर्चीला लागते तेवढी जागा सोडली तर पलंगाला चार फूट उरत होते.

"नर्स म्हणाली, दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे," मुलगा म्हणाला.

"भिंतीकडून मी आहे ना! रात्रभर तिथंच असेन, आणखी कोण हवंय?"

"आई, चार फुटी गादी कुठे मिळते का?"

"उद्या संध्याकाळपर्यंत मिळाली तर?"

"मिळाली तर पलंग कापून देतो. नाही मिळाली तर खाट. मग रडायचं नाही."

त्याने इतक्या पटकन कबूल केलं, कारण मिळणार नाही याची त्याला खात्री होती. ते तिलाही कळलं होतं.

आणि आता गादीवालाही नेमकं तेच म्हणत होता. "हे माप तयार नसतं हो. बनवून देईन, पण आठ दिवस धरा."

"आठ दिवसांनी मी काय करू तिचं? परवा येतायत ते."

"मग तोवर सिंगलवर भागवा."

"अहो, एकदा सिंगल आली की मी संपलेच!" ती एवढ्या मोठ्यांदा बोलली की शिवणयंत्रावरची बाई थांबली. "तुम्हाला गादी दिसतेय. मला त्या खोलीतून बाहेर काढतायत, कळतंय का तुम्हाला? काहीही करा, जुनी द्या, तुकडे जोडून द्या, पण आज द्या."

आणि बोलता बोलता ती खरोखरच त्याच्या पायांशी वाकली.

"अहो काकू, काय करताय हे! उठा, उठा आधी." गादीवाला दोन पावलं मागे सरकला. मग मान खाजवली आणि कोपऱ्यातली पाच फुटी गादी ओढून आडवी केली. "ही कापतो. कडेची शिलाई हातानं घालावी लागेल, दिवस जाईल. बसा."

त्याची कामाची एक पद्धत होती. नवराबायकोची गादी तो एकसारखी भरत नसे. ज्याला जशी हवी तशी अर्धी कडक, अर्धी नरम. आजारी माणसाला काथ्याची कडक बाजू, म्हणजे कुशीवर वळवताना अंग रुतत नाही.

"जेवतात का नीट?" खोळ उसवता उसवता त्याने विचारलं.

"कसलं नीट! अर्धं ताट टाकतात. उजवीकडचं तेवढं खातात, डावीकडचं तसंच राहतं. लहान मुलासारखे हट्टी झालेत."

"बरं, झोपतात कुठल्या बाजूला?"

"मी भिंतीकडे. म्हणजे त्यांच्या डाव्या हाताला."

"नक्की ना? एकदा टाके घातले की मग बाजू बदलता यायची नाही."

"इतक्या वर्षांत बदलली नाही, आता काय बदलायची?"

ती दिवसभर दुकानातून हलली नाही. गादीवाला दाभणाने टाके घालत होता आणि ती कोपरा घट्ट दाबून धरत होती. नाकातोंडात कापूस जात होता. टाका चुकेल, दोरा संपेल, वीज जाईल, काहीतरी होईल आणि ही गादी माझ्या नशिबात नसेल, असं तिला सारखं वाटत राहिलं.

दिवेलागणीला टेम्पोतून गादी उतरली तेव्हा मुलगा दारातच उभा होता. त्याने गादीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बापाची करवत शोधायला गेला. सुताराच्या पोटी जन्माला येऊन त्याला करवत धड धरता येत नव्हती. सून दिवा धरून उभी राहिली, आईने फळी धरली आणि कसाबसा पलंग चार फुटांचा झाला. मग मुलाने खाटवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. ते ऐकल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली.

हॉस्पिटलातून निघताना डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी समजावत होते. ती पिशवी भरत होती. महिनाभर ज्या स्टुलावर ती बसली ते पलंगाच्या उजव्या अंगाला होतं. डावीकडे यंत्रं होती, तिकडे बसायची सोयच नव्हती.

"आई, डॉक्टर म्हणतायत की डावीकडचं बाबांना..." गाडीत मुलाने सुरुवात केली.

"नंतर सांग रे. आधी घर येऊ दे."

दुपारी त्याला खुर्चीतून उतरवून गादीवर निजवलं. सुतार क्षणभर छताकडे बघत राहिला, मग त्याचा उजवा हात पलंगाच्या कडेवरून फिरला.

"कुणी कापलाय?"

"मी," मुलगा म्हणाला.

"तरीच. वाकडी गेलीय करवत."

सून हसली, मुलगाही हसला आणि कितीतरी दिवसांनी घर जरा घरासारखं वाटलं. दोघं बाहेर गेल्यावर तिने पडदा ओढला. पायथ्याकडून गुडघ्यांवर चढत ती भिंतीकडे गेली आणि आपल्या नरम बाजूवर आडवी झाली. बरोबर मावली. त्याच्या अंगाची ऊब खांद्याला लागली तशी तिला वाटलं, जिंकले बाई. तिने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले.

"अगं," तो म्हणाला.

"काय हो?"

"कुठे गेलीस?"

"ही काय, इथेच."

"इथे म्हणजे कुठे? दिसत नाहीस." तो कपाटाकडे तोंड करून बोलत होता. उजवा हात पलंगाच्या कडेबाहेर काढून हवेत काहीतरी शोधत होता. "मला एकट्याला टाकून कुठे बसलीयस?"

"अहो, हा बघा तुमचा हात धरलाय मी." तिने त्याचा डावा हात उचलून त्याच्या छातीवर ठेवला, वर आपला ठेवला आणि जोरात दाबला.

तो दचकला. "कुणाचा हात हा? काढ गं, ओझं होतंय."

तिने आपला हात मागे घेतला. अर्धं ताट. गाडीतलं मुलाचं अर्धवट राहिलेलं वाक्य. त्याच्या लेखी डावी बाजू उरलीच नव्हती. डावीकडचा हात त्याचा नव्हता, डावीकडची बायको त्याला नव्हतीच, आणि तिने पायांशी वाकून जी जागा मिळवली होती ती नेमकी तिथे होती. उशी पायथ्याशी नेऊन त्याला उलटं निजवलं तर? पण मग खुर्ची निकामी अंगाकडे आली असती, आणि धडधाकट बाजूनेच उतरवायचं, नाहीतर पडतील, असं नर्सने बजावून सांगितलं होतं. तिला मोठ्यांदा ओरडावंसं वाटलं. तिने पदर तोंडात कोंबला.

"अगं, आहेस ना?" आता त्याचा आवाज घाबरा झाला होता.

ती उठली. पायथ्याकडून खाली उतरली, पलंगाला वळसा घालून उजवीकडे आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

त्याचा चेहरा उजळला. "आलीस? किती वेळ लावलास. ये, पड जरा. तुझी जागा ठेवलीय मी."

आणि त्याने आपल्या उजव्या कुशीजवळ, पलंगाच्या कडेपर्यंत उरलेल्या वीतभर पट्टीवर हाताने थोपटलं.

ती त्या पट्टीवर कुशीवर निजली. एक पाय जमिनीला टेकवून ठेवावा लागला. त्याने उजवा हात तिच्या पाठीमागून घेतला आणि तिला घट्ट धरलं. त्याच्यापलीकडे भिंतीपर्यंत नरम बाजू मोकळी पडली होती.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेला मुलगा दारातच थबकला. "अगं आई, पडशील! पलीकडे एवढी जागा आहे की."

तिने मान वळवली नाही.

"हळू बोल," ती म्हणाली. "आत्ता कुठे जागा मिळालीय मला."