पेल्यातला पहिला घोट

नाटक कंपनीत रंगमंचावरचं सामानसुमान सांभाळणाऱ्या प्रॉपर्टीवाल्याला नायकाचं काही म्हणजे काही बघवत नव्हतं. त्याचा आवाज, त्याचे केस, त्याला पडणाऱ्या टाळ्या, सगळंच डोळ्यांत खुपायचं. त्यात ह्याची सख्खी बायको त्याची नायिका! घरी नवऱ्याशी बोलताना बाईंना जांभया, आणि तालमीत त्याच्या फुसक्या विनोदावरही खो खो हसू. मग अंगाचा तिळपापड होणार नाही तर काय होईल?

नाटक खुनाचं. शेवटच्या अंकात बायको विषाचा पेला आणते, नवरा पितो आणि कोसळतो. विष म्हणजे लाल रंगाचं साखरपाणी. ते प्रॉपर्टीवाल्याने कालवायचं आणि पिणाऱ्या नटासमोर आधी स्वतः एक घोट घ्यायचा, असा कंपनीचा नियम.

आजही त्याने घोट घेतला. नायक हसला. "दादा, तुम्ही चाखलंत ना? मग मी निर्धास्त."

तो रंगमंचाकडे वळला मात्र, ह्याने खिशातली उंदीर मारायची पूड पेल्यात टाकून ढवळली. हात जरासुद्धा कापला नाही, बघा! घे म्हणावं टाळ्या, किती घ्यायच्यात त्या.

बायको विंगेत आली, पेला उचलून रंगमंचावर गेली. "माझ्यावर विश्वास नाही? थांबा, आधी मीच पिते!" हे तिचं नेहमीचं वाक्य. त्यावर ती पेला नुसता ओठांना लावायची. पण आज वाक्य म्हणतानाच तिला खोकल्याची उबळ आली. खोकला आला की घसा ओला करायला ही खरोखरच घोट घेते, हे आत्ता ह्याच्या लक्षात आलं. अरे देवा!

हा धावतच रंगमंचावर घुसला. "पिऊ नकोस! विष आहे त्यात! मी घातलंय!" एका फटक्यात पेला खाली.

आणि प्रेक्षकांतून टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, काय झकास कलाटणी! जन्मात पहिल्यांदा ह्याला टाळ्या पडत होत्या.

कोणीतरी घाईघाईने पडदा पाडला. नायक पांढराफटक पडून सांडलेल्या पाण्याकडे बघत होता.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "पेला माझ्या तोंडाशी आला म्हणून धावलात. त्याच्या तोंडाशी असता तर?"

हा खाली वाकून पेला उचलू लागला. ती नायकाजवळ गेली आणि तिने त्याचा हात धरला.

आणि एवढं सगळं होऊनही, ते बघून ह्याच्या पोटात दुखलंच.