माझ्यावर फुलं कशी आली

टक्. मग टक् टक् टक्. आणि मग लादीवरून लांबवर गेलेली एक बारीकशी घरघर.

घरात कोणीच बोलत नव्हतं, म्हणून तो आवाज एवढा मोठा वाटला. दार नुकतंच आपटून बंद झालं होतं. माझं वरून दुसरं बटण तुटून पडलं होतं आणि घरंगळत फ्रिजखाली गेलं होतं. पलंगाच्या आडून एक छोटं डोकं बाहेर आलं.

"आई, बटन पळालं," सान्वी म्हणाली.

मित्रांनो, मी एक जुना गाऊन आहे. घरात घालायचा, सुती, पायघोळ, पुढे बटणं आणि उजव्या बाजूच्या शिवणीत एक खिसा. तुमच्या आईकडे, आजीकडे, शेजारच्या काकूंकडे माझी भावंडं नक्की असतील. दूधवाल्याने बेल वाजवली की ओढणी पांघरून आम्हीच दारात जातो. कचऱ्याची गाडी आली की जिन्यावरून आम्हीच धावतो. तरी आमच्यावर कोणी निबंध लिहीत नाही. छत्रीवर लिहितात, खुर्चीवर लिहितात. म्हणून म्हटलं, आपलं आपणच सांगावं.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या बरोबरीच्या सगळ्यांवर फुलं होती. कोणावर जास्वंदीएवढी, कोणावर चक्क भोपळ्याच्या फुलाएवढी. मी मात्र साधा, फिकट निळा. आंबिवली स्टेशनजवळच्या दुकानात मी पुष्कळ दिवस दोरीवर लटकून होतो. येणाऱ्या बायका मला बाजूला सारून मागचा काढायला सांगायच्या. मग एक दिवस समीक्षा आली. तिला सातवा लागलेला होता. सोबत तिची आई, मालनबाई.

"फुलांचा घे गं, डाग दिसत नाहीत," मालनबाई म्हणाल्या.

"नको आई. एवढी फुलं अंगावर बघून मला गरगरतं. साधाच बरा."

"घेऊन जा ताई," दुकानदार म्हणाला. "साधा कोण घेतच नाय. तुमच्यासाठीच थांबलेला समजा."

मलाही तसंच वाटलं. मी तिच्यासोबत मोहन्याला, तिच्या घरी गेलो.

मित्रांनो, ते दिवस फार छान होते. सान्वी झाली. दूध पिताना ती इवल्याशा मुठीत माझी बटणपट्टी धरून ठेवायची आणि झोपली तरी सोडायची नाही. मला हळदीचा, दुधाचा, वेखंडाचा वास यायचा. माझ्या खिशात कपड्यांचे चिमटे, सेफ्टी पिन, अर्धं चोखलेलं बिस्कीट असं सगळं जग होतं. खिसा फाटला तेव्हा समीक्षाने सान्वीच्या जुन्या झबल्याचं कापड लावून तो नवा केला. पिवळा, वर बदकं. सान्वी चालायला लागली तेव्हा माझ्या खिशात हात घालून आईच्या मागेमागे फिरायची.

समीक्षा घरीच शिवणकाम करायची. साड्यांना फॉल, पिको, कुणाचा ब्लाउज सैल कर, कुणाची पँट आखूड कर. तिचा हात फार बारीक होता. बिल्डिंगमध्ये म्हणायचे, समीक्षाने शिवलेलं शोधून दाखवा.

आता मला त्या बटणाच्या दिवसाकडे परत यावं लागेल.

सान्वीचे बाबा, संदेश, ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कामाला. ते वाईटच आहेत असं मला म्हणता येत नाही. सान्वीला खांद्यावर बसवून गच्चीवर न्यायचे, घरी येताना तिच्यासाठी जिलबी आणायचे. पण कधीकधी त्यांच्या हातांना काहीतरी व्हायचं. समीक्षाने फोन उचलायला उशीर केला. भाजीवाल्याशी हसून बोलली. कधी तर कारण मला ऐकूसुद्धा आलं नाही.

तिचा खांदा आणि त्यांची मूठ यांच्या मध्ये मी होतो. मित्रांनो, कापडाला अंग झाकता येतं. कापडाला कुणाचा हात धरता येत नाही, ओरडता येत नाही, शेजारी जाऊन कडी वाजवता येत नाही. मला फाटता येत होतं, म्हणून मी फाटलो. खांद्यापासून बटणपट्टीपर्यंत. तेवढ्यात ती त्यांच्या हातातून सुटली आणि मोरीत जाऊन उभी राहिली. तिच्यासाठी मी काही केलं असेल तर एवढंच.

दार आपटलं, बटण पडलं आणि सान्वी पलंगाआडून बाहेर आली.

"आई, गाऊन फाटला?"

समीक्षाने नळ सोडला, तोंडावर पाणी मारलं आणि पदर नव्हता म्हणून माझ्याच बाहीला तोंड पुसलं.

"फाटला कुठे? इथे फूल लावायचंय ना, म्हणून जागा केलीय."

"खरंच?"

"मग! बघच तू."

त्या दुपारी तिने फॉलच्या कामातून उरलेला पिवळा दोरा काढला. मांडीवर मला पसरलं आणि फाटलेल्या कडा जुळवून वर एक शेवंती भरली. प्रत्येक पाकळीला हलकेच ओढून बसवत होती. सान्वी शेजारी उकिडवी बसून बघत होती. फूल झाल्यावर तिने नाक लावून पाहिलं.

"वास नाही येत."

"येईल. अजून कळी आहे."

सान्वी हसली. आईपण हसली. मी साधा गाऊन होतो, माझ्यावर पहिलं फूल आलं.

पुढे आणखी आली. बाहीवर जांभळी गोकर्ण. काखेशी दोन पानं. पाठीवर एक लांब वेल, कारण पाठीवर लांब फाटलं होतं. प्रत्येक वेळी सान्वी आपणहून दोऱ्यांचा डबा घेऊन यायची आणि रंग निवडायची. "आता केशरी कर हां आई." समीक्षा केशरी करायची. तिला एकच गोष्ट हवी होती. पोरीला कळू नये. बाकी काय व्हायचं ते होऊ दे, पण फाटलेलं पोरीच्या डोळ्यांना दिसू नये.

माझं कौतुक व्हायला लागलं. शेजारच्या रसिका वहिनी दारातच ओरडल्या, "अय्या, कसला भारी झालाय गं! मला पण करून दे ना. दोन फुलं तरी!"

"तुम्हाला नको वहिनी," समीक्षा एकदम म्हणाली.

"का? आम्ही काय फुलं घालायची नाहीत? आमचं वय झालं?"

"तसं नाही ओ." ती हसली आणि विषय बदलला.

सासूबाई, आवडाबाई, मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "हात सफाईदार आहे पोरीचा," त्या म्हणाल्या. "बाहेरच्याला काही कळत नाही." एवढं बोलून त्यांनी एक काडी मोडली. ते कौतुक होतं की आणखी काही, मला आजपर्यंत समजलेलं नाही. आवडाबाईंच्या डाव्या हाताचं एक बोट सरळ होत नाही, एवढं मला माहीत आहे.

आणि एकदा संदेशचे मित्र चहाला आले होते. संदेशने माझ्याकडे बोट दाखवलं. "बघ बघ, हाताने केलंय सगळं. आमच्याकडे घरातच आर्टिस्ट आहे." मित्र म्हणाला, "वहिनी, एक नंबर!" मी तेव्हा तिच्या अंगावर होतो. तिचा श्वास मध्येच थांबलेला फक्त मला कळला.

वर्षं गेली, माझा निळा रंग उडाला. आवडाबाई म्हणाल्या, "आता ह्याचं पोछ्याचं फडकं कर." समीक्षाने मला धुतलं, घडी केली आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवलं. तिथे डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी पडून राहिलो. नवीन गाऊन आले, ते फुलांचेच आणले होते. वरच्या खणात त्यांच्या येण्याजाण्याचा आवाज यायचा, आणि कधी बाहेरून त्यांच्या फाटण्याचाही. मी कान मिटू शकत नव्हतो.

मग हेमाली आली. ही ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी, शिवणातून चित्रं करते. मोहन्याच्या महिला मंडळात तिने बायकांना बोलावलं होतं. सांगितलं होतं, घरात घातलेला एखादा फाटका कपडा आणा.

"माझ्या नवऱ्याची बनियन आणू का?" एक जण म्हणाली. "माझ्यापेक्षा तीच जास्त फाटलीय."

"आण ना! सोबत नवरा पण आण, त्याला पण टाके घालू," दुसरी म्हणाली, आणि हॉलभर हशा झाला.

हेमालीपण हसली. मग तिने लाल दोऱ्याची रिळं वाटली. "माझे आजोबा जाळी शिवायचे. जिथं फाटलं तिथं मुद्दाम वेगळ्या रंगाची सुतळी घ्यायचे. म्हणायचे, लपवलं तर पुढच्या वेळी तिथूनच जाईल. आपण पण तसंच करायचं. फाटलेल्याच्या कडेने साधा धावदोरा. लपवायचं नाही."

हशा हळूहळू थांबला. एकीने पिशवीतून परकर काढला. एकीने ब्लाउज. समीक्षाने मला काढलं.

हेमालीने माझ्यावरून हात फिरवला. "किती सुंदर फुलं आहेत ताई." आणि मग तिने ते केलं जे समीक्षाशिवाय आजवर कुणीच केलं नव्हतं. मला उलटं केलं. आतल्या बाजूला फुलं नव्हती. तिथे गाठी होत्या, दोऱ्यांचा गुंता होता आणि त्याखाली प्रत्येक फाटणं जसंच्या तसं होतं.

तिने एका गाठीवर बोट ठेवलं. "फुलं का केलीत?"

"मुलगी बघत होती."

समीक्षाने मला उलटंच मांडीवर घेतलं आणि लाल दोरा ओवला. प्रत्येक फाटण्याच्या कडेने एकेक टाका. घरच्या कामात तिचा टाका कधी चुकला नव्हता, त्या दिवशी चुकत गेला. टाके वाकडे आले. तिने ते उसवले नाहीत.

"प्रदर्शनात असाच टांगू का? उलटा?" हेमालीने विचारलं. "नाव नाही लावणार. फोटो नाही."

समीक्षाने दोरा तोडला. "टांगा. घरी सगळ्यांना दिसतं, बघत कोणी नाही. तिथं तरी कोणी बघेल."

ठाण्यातल्या एका जुन्या हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या होत्या, घराच्या गॅलरीत असतात तशाच. त्यांवर चिमट्यांनी आम्हाला अडकवलं. परकर, ब्लाउज, शाळेचा एक युनिफॉर्म आणि उलटा मी. लोक हळू चालत येत होते.

"भाई, हे रियल आहे?" कॉलेजातला एक मुलगा म्हणाला.

"मग काय! नीट बघ ना."

एक वयस्कर गृहस्थ चष्मा सारखा करत म्हणाले, "बाकीच्या कपड्यांचं काम सफाईदार आहे. ह्याचे लाल टाके मात्र वाकडे का घातले असतील?" त्यांची बायको माझी बाही दोन बोटांत धरून नुसती उभी होती.

मित्रांनो, तुम्हाला सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. जुने कपडे थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, पटकन फेकू नका. आणि फाटलेलं कुणी फार छान शिवलेलं दिसलं, तर "वा!" म्हणून पुढे जाऊ नका. जिने शिवलं तिला हळूच विचारा, कसं फाटलं. इथे मी थांबणार होतो.

पण दुसऱ्या दिवशी समीक्षा मला बघायला आली. अस्तराचं कापड आणायला जाते असं घरी सांगून आली होती. आवडाबाईंना गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून सान्वीला बरोबर आणावं लागलं. गाऊन उलटा आहे, पोरीला ओळखू येणार नाही, असं तिला वाटलं असावं. ती दारापाशीच थांबली, अनोळखी बाईसारखी.

उलट्या गाऊनचा खिसा बाहेर लोंबतो, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. पिवळा, वर बदकं.

"आई! आपला गाऊन!"

सान्वी धावली. तिने लोंबणारा खिसा मुठीत धरला आणि मला ओढलं. चिमटा उडाला, मी तिच्या अंगावर पडलो. "उलटा घातलाय यांनी," असं म्हणत ती जमिनीवर बसली आणि आई रोज धुतलेले कपडे सुलटे करते तसं तिने बाह्यांत हात घालून मला सुलटं केलं. कुणी तिला थांबवलं नाही. मलाही थांबवता आलं नाही. माझी सगळी फुलं बाहेर आली.

भोवती लोक जमले. सान्वीला आनंद झाला. ती पाहुण्यांना खेळणी दाखवतात तशी दाखवायला लागली.

"हे पिवळं ना, बटन पळालं होतं तेव्हाचं. हे जांभळं बाबांचा डबा सांडला तेव्हाचं. ही वेल बाबांनी मागून ओढलं ना, तेव्हाची. याचा रंग मी सांगितलेला. बाबा फाडतात आणि मग आई फूल करते."

एका मुलीने मोबाईल वर धरला होता, तो तिने खाली घेतला. गृहस्थांनी चष्मा काढला. दारापासून समीक्षा कशी चालत आली ते मी पाहिलं. एवढी फुलं घालून तिने जे झाकलं होतं, ते तिच्या मुलीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती खाली बसली. सवयीने तिचा हात खांद्याकडे गेला, तिथे ती नेहमी एक सुई टोचून ठेवते. आज सुई नव्हती.

सान्वीने मला छातीशी धरलं आणि आईकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत माझं केवढं कौतुक होतं.

"आई, मी मोठी झाले की मला पण असाच फुलांचा गाऊन पाहिजे."

समीक्षाने खांद्यावरचा हात खाली घेतला.

"पण आई," सान्वीने विचारलं, "माझा कोण फाडणार?"